जुन्या एमएक्स-५ची मागची बाजू डुलते: बुश बदलू की गाडीच बदलू?

खडखडाट | १२ ऑक्टोबर, रात्री १०.४०

मंडळी, मी शेफील्डला असतो. माझ्याकडे १९९७ची माझदा एमएक्स-५ आहे. पहिल्या पिढीतली, शेवटच्या वर्षाची, १.८ इंजिन, लाल. दिवे लावले की बेडकासारखे डोळे वर काढणारी तीच ती. सहा वर्षांपूर्वी एका निवृत्त मास्तरांकडून घेतली. एक लाख अठरा हजार मैल झालेत.

गेल्या वर्षभरात मागची बाजू विचित्र वागायला लागलीय. इथून ग्लॉसपकडे जाणारा स्नेक पास म्हणून रस्ता आहे, आपल्या वरंधाचा धाकटा भाऊ म्हणा. तिथे वळणात मधेच खड्डा लागला की कुणी तरी मागून कंबरेला धक्का दिल्यासारखं वाटतं. वळणात ॲक्सिलरेटर सोडला तर मागचं एक चाक स्वतःचं डोकं चालवतं. सरळ रस्त्याला सगळं ठीक. मागचे दोन्ही टायर आतल्या कडेला झिजलेत, बाहेरून नवे दिसतात.

मागच्या आठवड्यात एमओटी झाली (इथली वर्षाची सक्तीची तपासणी). गाडी पास झाली, पण खाली सूचना आली: मागच्या खालच्या आर्मचे बुश खराब, दोन्ही बाजू (आर्म म्हणजे चाक धरून ठेवणारा दांडा, बुश म्हणजे त्याच्या सांध्यातली रबरी नळी). ओळखीच्या गॅरेजवाल्याने गाडी लिफ्टवर घेतली, टॉर्च मारला, खाली आणली आणि म्हणाला, "बुश काय, अर्ध्या तासाचं काम. पण ते बोल्ट निघणार नाहीत. मी हात लावणार नाही."

तर प्रश्न असा, की फक्त खालचे बदलायचे की मागचे सगळे? रबरी घ्यायचे की पॉलीयुरेथेनचे? आणि हे घरी होण्यासारखं आहे का? माझ्याकडे एक जॅक, चार घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), पान्ह्यांचा संच आणि बिनहीटरचं गॅरेज आहे. अनुभव: ब्रेक पॅड, तेल, एकदा क्लचचा स्लेव्ह सिलिंडर.

पुणेरी_जांभई | १२ ऑक्टोबर, रात्री १०.५२

सत्तावीस वर्षांची गाडी, दोन सीट, डिकीत एक भाजीची पिशवी. प्रश्न सस्पेन्शनचा नाहीये हो.

मिशिगनकर | १२ ऑक्टोबर, रात्री ११.३०

जांभईंकडे दुर्लक्ष करा. सगळे बदला, आणि पॉली लावा. माझ्याकडे बीएमडब्ल्यूची ई-४६ एम-३ आहे. मागच्या ट्रेलिंग आर्मचे बुश गेले होते, लक्षणं डिट्टो तुमच्यासारखी. हायवेवर लेन बदलताना मागची बाजू अर्धा सेकंद उशिरा यायची. पॉली घातले आणि गाडी दहा वर्षांनी तरुण झाली.

फक्त खालचे बदलून वरचे सत्तावीस वर्षांचे ठेवाल, तर पुढच्या वर्षी पुन्हा हीच पूजा. एकदा उघडलंच आहे तर शॉकअप, बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबला की धक्का झेलणारा तुकडा), अँटी रोल बारच्या लिंका सगळं करून टाका. आणि बीएमडब्ल्यूवाले कुणी वाचत असतील तर: बुश बदलताना वर, सबफ्रेम (आर्म जिला जोडलेले असतात ती चौकट) जिथे बसते तिथला पत्रा बघा. ई-४६ला तिथे चिरा पडतात. माझ्या गाडीला दोन सापडल्या. तो खर्च इथे सांगत नाही, बायको धागा वाचते.

रबरवाली | १३ ऑक्टोबर, सकाळी ८.१५

मी पुण्यात गाड्यांच्या रबरी भागांच्या डिझाइनमध्ये काम करते, त्यामुळे इथे तोंड घातल्याशिवाय राहवत नाही.

आधी तुमच्या चाकाचं डोकं कोण चालवतंय ते बघू. एमएक्स-५ला मागेही डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाकाला वर एक आर्म आणि खाली एक रुंद आर्म. खालच्या आर्मची आतली दोन टोकं सबफ्रेमला ज्या बोल्टांनी बसतात त्यांना एक्सेंट्रिक वायसर असतात, म्हणजे भोक मध्यात नसलेले. ते फिरवून चाकाचा कॅम्बर (चाक वरून आत-बाहेर किती कललंय) आणि टो (चाकाचं नाक आत की बाहेर) ठरवतात. त्या टोकातलं रबर सैल झालं की अलाइनमेंट गॅरेजमध्ये एक आणि रस्त्यावर दुसरी. तुम्ही ॲक्सिलरेटर सोडता, चाक मागे ओढलं जातं, रबर दबतं आणि चाकाचं नाक किंचित बाहेर वळतं. मागच्या चाकाचं नाक बाहेर गेलं की गाडी शेपटी हलवणारच. टायरची आतली कडही त्यातच जाते.

आता रबर की पॉली. रबरी बुश म्हणजे एका लोखंडी नळीत दुसरी नळी आणि मधे रबर, दोन्ही नळ्यांना पक्कं चिकटवलेलं. आतली नळी बोल्टने आवळली की ती फिरत नाही. आर्म वरखाली होतो तेव्हा रबर पिळलं जातं, ओला टॉवेल पिळावा तसं. सरकणारं काही नाही म्हणून आवाज नाही, ग्रीस नाही. पॉलीमध्ये आतली नळी खरोखर फिरते. तिला ग्रीस लागतं, ते सुकलं की कुरकुर सुरू. कडकपणाही वेगळा: रस्त्यावरच्या गाडीचं रबर साधारण ५० ते ६० शोर ए (कडकपणाचं माप), पॉली ८० ते ९५.

मिशिगनकर, तुमच्या ट्रेलिंग आर्मबद्दल मात्र माझा आक्षेप आहे. तो बुश एकाच दिशेने फिरत नाही, आर्म थोडा तिरकाही होतो. तिथे कडक पॉली घातली की आर्म अडखळतो. एमएक्स-५चे विशबोन एकाच आसाभोवती फिरतात, म्हणून तिथे पॉली निदान तत्त्वतः चालते. म्हणजे सल्ला बरा आहे, दाखला चुकीचा आहे.

मिशिगनकर | १३ ऑक्टोबर, सकाळी ८.४०

माझी गाडी अडखळत नाही. मीच अडखळतो, सकाळी तिच्यातून उतरताना.

घाटमाथा | १३ ऑक्टोबर, सकाळी ९.०५

दादा, ही गाडी परत येताना पुण्याला आणता येईल का? ताम्हिणीत बघायचीय. फोटो टाका ना.

श्वाबेनमधला_सदाशिव | १३ ऑक्टोबर, सकाळी ९.२०

घाटमाथा, जुनी गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांच्या आतली लागते. ही २७ वर्षांची आहे. ताम्हिणीत फोटोच जाईल.

धाग्याच्या विषयावर: बुश आणि स्प्रिंगवर भागतंय म्हणून आनंद माना. माझ्या शेजाऱ्याकडे १९८७ची पोर्श ९११ आहे. तिला मागे स्प्रिंगच नाही, टॉर्शन बार आहेत. आडवा पोलादी दांडा, तोच पिळला जातो. आतल्या टोकाला ४० दाते, बाहेरच्या टोकाला ४४. उंची बदलायची तर दांडा उपसायचा, आत एक दाता पुढे, बाहेर एक दाता मागे. एका दात्याचा आत फरक ९ अंश, बाहेर ८.१८, म्हणजे गाडी हलते ती पाऊण अंशाच्या थोडी वर. मागच्या उन्हाळ्यात तीन शनिवार मी टॉर्च धरून उभा होतो. पहिल्या शनिवारी डावी बाजू उंच, दुसऱ्या शनिवारी उजवी. तिसऱ्या शनिवारी आम्ही बिअर प्यायलो आणि चौथ्या शनिवारी त्याने माझ्याशिवाय केलं. जमलं.

निवृत्त_फिटर | १३ ऑक्टोबर, दुपारी २.१०

नमस्कार. मी एसटीच्या दापोडी वर्कशॉपात ३१ वर्षे काम केले. आमच्या गाड्यांना मागे पाटे, तुमच्या गाडीचा आकार वेगळा. पण बुश तो बुश आणि गंज तो गंज.

तुमचा गॅरेजवाला खोटे बोलत नाही. काम बुशाचे नाही, बोल्टाचे आहे. बुशाच्या आतली नळी आणि बोल्ट गंजून एक होतात. नट निघतो. बोल्टाला पान्हा लावला की बोल्ट फिरल्यासारखा वाटतो. माणूस खूश होतो. प्रत्यक्षात बोल्ट नळीला घेऊन फिरतो आणि रबर नुसते पिळवटते. बाहेर काही येत नाही. अशा वेळी लांब पाइप लावून जोर करू नये, सबफ्रेमचे कान वाकतात.

आठ दिवस आधीपासून रोज संध्याकाळी गंज सोडवणारे तेल मारा. निघाला तर देवाची कृपा. नाही निघाला तर कापायचा. म्हणून नवे बोल्ट आणि वायसर आधी घरात आणून ठेवा, मग गाडी उघडा. हातोडीने बोल्ट ठोकायचा असेल तर नट उलट चढवून टोकाशी सपाट करा, मग ठोका. नाहीतर आटे जातात.

दुसरी गोष्ट लिहून ठेवा. रबरी बुश घातलात तर बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी स्वतःच्या पायांवर उभी असताना. घोडीवर चाके लोंबकळत असताना आवळू नका. आमच्याकडे नवीन पोरे हीच चूक करायची.

रबरवाली | १३ ऑक्टोबर, दुपारी २.२५

काकांना शंभर टक्के अनुमोदन. आवळता त्या क्षणी रबराची विश्रांतीची जागा ठरते. चाक लोंबकळत असताना आवळलंत, तर गाडी खाली उतरल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहील. काही महिन्यांत फाटेल.

खडखडाट | १३ ऑक्टोबर, रात्री ९.००

लिहून ठेवलं. गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहिलंय.

ठरलं: रबरी, मागचे सगळे, शॉकअपसकट. ही गाडी मी रेसट्रॅकवर नेत नाही, फार तर किराणा आणायला नेतो. तेल मारायला आजपासून सुरुवात.

पुणेरी_जांभई | १३ ऑक्टोबर, रात्री ९.१२

भाजीच्या एका पिशवीचा किराणा.

वेल्समधली_वैजू | १४ ऑक्टोबर, सकाळी ७.५०

माझ्या नवऱ्याकडे हीच गाडी होती. "होती" हा शब्द नीट वाचा. एमएक्स-५ला बुशांनी कुणी मारत नाही, गंज मारतो. कापडी छताचं पाणी सीटच्या मागे दोन्ही बाजूंना असलेल्या भोकांतून खाली जातं. त्या भोकांत पानं-कचरा अडकला की पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत साठतं आणि पत्रा आतून सडतो. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते बाहेरून मदतीला येतं. आमच्या गाडीत नवीन शॉकअप बसवले आणि पुढच्या एमओटीला तपासनीसाने दाराखाली बोट दाबलं, ते आत गेलं.

मागचं चाक काढाल तेव्हा त्याच्या पुढचा कोपरा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. टण्ण आवाज आला तर पुढे जा. भद्द आला तर बुशांची ऑर्डर थांबवा. भोकं साफ करायला गवत कापायच्या यंत्राची प्लॅस्टिकची दोरी छान चालते.

खडखडाट | १४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.३०

वैजूताई, घाबरत घाबरत ठोकलं. उजवीकडे टण्ण. डावीकडे टण्ण, टण्ण, आणि एका जागी "टक". रंग खरवडला, नखाएवढा गंज आहे, आरपार नाही. भोकांतून मात्र दोन मुठी काळा गाळ निघाला, त्यात एक गोगलगाय. वसंतात वेल्डिंगवाल्याला दाखवेन.

मालवणी_मसाला | १४ ऑक्टोबर, रात्री ८.०५

गोगलगाय जिवंत होती का?

खडखडाट | १४ ऑक्टोबर, रात्री ८.१०

होती. मोजली नाही ती एमओटीत.

घाटमाथा | १९ ऑक्टोबर, रात्री ११.००

धागा गप्प आहे म्हणून एक अवांतर. आपल्याकडे नव्वदच्या दशकाच्या शेवटी सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची, फायबरच्या बॉडीची उघडी गाडी आली होती. कुणी चालवलीय?

मालवणी_मसाला | १९ ऑक्टोबर, रात्री ११.२०

पणजीत एकदा मागे बसून... नाही, मागे सीटच नव्हती. शेजारी बसून हिंडलोय. पाऊस आला आणि आम्ही दोघं छताशी भांडत राहिलो. गाडीपेक्षा तेच जास्त आठवतं.

सौ_खडखडाट | २५ ऑक्टोबर, सकाळी ७.३०

नमस्कार. आज सकाळी फ्रीजरमधून मटार काढायला गेले तर पिशवीखाली काळ्या लोखंडी नळ्यांचं एक पुडकं. हे कुणाच्या सल्ल्याने झालं?

मिशिगनकर | २५ ऑक्टोबर, सकाळी ७.४५

वहिनी, माझ्या नाही. (पण रात्रभर गार केले की केसभर आक्रसतात आणि आर्ममध्ये सहज दाबले जातात. मटाराला काही होत नाही.)

खडखडाट | २७ ऑक्टोबर, रात्री ११.५५

दोन शनिवार-रविवार संपले. अहवाल देतो.

शॉकअप आधी काढले. वरचे नट डिकीच्या अस्तराआड आहेत, ते सोपं गेलं. बंप स्टॉप म्हणून जे काही होतं त्याला हात लावला तर रवाळ नारळाच्या वडीसारखं बोटांत भुगा झालं. म्हणजे कित्येक वर्षं खड्ड्यात शॉकअपचा दांडा थेट लोखंडावर आपटत होता. डावा शॉकअप हाताने दाबला तर दबला आणि तसाच राहिला, वर यायचं नावच नाही. मिशिगनकर, "सगळं करून टाका" म्हणालात त्याबद्दल आभार. स्प्रिंग दाबायला भाड्याने कॉम्प्रेसर आणला. ते काम करताना तोंड बाजूला ठेवा, एवढंच म्हणतो.

वरच्या आर्मचे बोल्ट निघाले. चाकाकडच्या बाजूचा वीतभर लांब बोल्ट असतो, डावा तेल पिऊन आला, उजवा काकांच्या पद्धतीने नट सपाट करून ठोकला. चाळीसेक घाव. आटे शाबूत.

मग आतले चार एक्सेंट्रिक बोल्ट. काका, तुम्ही लिहिलं होतं तसंच. नट निघाला, बोल्ट फिरला, मी खूश. पाच मिनिटांनी कळलं की आतलं रबर फिरतंय. गॅस टॉर्चने तापवलं तर रबर पेटलं, गॅरेजभर जळक्या टायरचा वास, शेजारी विचारायला आला. शेवटी रेसिप्रोकेटिंग सॉ (ब्लेड पुढे-मागे चालणारी विजेची करवत). आर्म आणि सबफ्रेमच्या कानामध्ये ब्लेड जेमतेम शिरेल एवढी फट. एका बोल्टाला दोन काप, एका कापाला वीस मिनिटं आणि जवळजवळ एक ब्लेड. तीन बोल्ट कापले, सहा काप. चौथा, उजवीकडचा मागचा, मी ब्लेड लावायच्या आधी सवयीने एकदा हातोडी मारली आणि तो लोण्यातून सुरी यावी तसा बाहेर आला. का ते माहीत नाही. मी त्याच्याकडे बघत बसलो थोडा वेळ.

जुने बुश आर्ममधून काढायला बाकाच्या पकडीत मोठं सॉकेट आणि छोटं सॉकेट लावून दाबले. नवे फ्रीजरमधून थेट, तसेच दाबले. बोल्टांना अँटीसीझ (गंजून चिकटू नये म्हणून लावायचा लेप) फासलं, पुढच्या मालकाने शिव्या देऊ नयेत म्हणून.

सगळं बसलं. गाडी खाली उतरवली. उद्या चालवतो.

निवृत्त_फिटर | २८ ऑक्टोबर, सकाळी ६.१०

छान. अँटीसीझ बोल्टाच्या अंगाला, आट्यांना नको, नाहीतर आवळ जास्त बसते.

बोल्ट शेवटचे कुठे आवळलेत? तुमच्या मजकुरात ते दिसले नाही.

खडखडाट | २८ ऑक्टोबर, सकाळी ७.०५

घोडीवर.

पुणेरी_जांभई | २८ ऑक्टोबर, सकाळी ७.०६

भिंतीवर खडूने लिहिलं होतं ना?

खडखडाट | २८ ऑक्टोबर, सकाळी ७.२०

भिंतीला आर्म टेकवून ठेवले होते. मागे गेलं ते.

रात्रीचे अकरा वाजले होते, शेवटचा नट बसला आणि टॉर्क रेंच (ठरलेला जोर झाला की क्लिक करणारा पान्हा) हातात होता. क्लिक ऐकायची हौस. सकाळी बघतो तर गाडी मागून बोटभर उंच. डिकी वर काढून उभ्या असलेल्या बदकासारखी. मला वाटलं नवे शॉकअप.

रबरवाली | २८ ऑक्टोबर, सकाळी ८.००

शॉकअप थोडं उचलतात, नवीन स्प्रिंगसीटही. पण बोटभर म्हणजे डझनभर बुश पिळलेल्या दोरीसारखे गाडीला वर ढकलतायत. चालवू नका. सगळे सैल करा, गाडी वजनावर घ्या, मागची बाजू चार-पाच वेळा दाबून सोडा, मग आवळा. एका रात्रीत रबराला काही झालेलं नाही.

खडखडाट | २८ ऑक्टोबर, सकाळी ८.१५

पण गाडी चाकांवर असली की मी खाली शिरत नाही. फार बुटकी आहे.

निवृत्त_फिटर | २८ ऑक्टोबर, सकाळी ९.३०

आमच्याकडे खड्डा होता, तुमच्याकडे नाही. जाड लाकडी फळ्या घ्या. चारही चाकांखाली सारख्या उंचीची चवड करा आणि गाडी त्यावर उतरवा. विटा वापरू नका, फुटतात. चाके दोन्हीकडून अडवा. घोड्या जागेवर राहू द्या, सबफ्रेमच्या खाली बोटभर जागा ठेवून. चवड सरकली तर घोडी तुम्हाला वाचवेल.

आणि चुकले म्हणून वाईट वाटून घेऊ नका. माझ्या पहिल्या वर्षी मी एका गाडीचे शॅकल बुश असेच आवळले होते. मिस्त्रींनी काही न बोलता मला त्याच गाडीत, मागच्या सीटवर बसवून शिवाजीनगरपर्यंत पाठवले.

मालवणी_मसाला | २८ ऑक्टोबर, सकाळी ९.४५

काका, हा धागा आता तुमच्या नावावर करा.

मिशिगनकर | २८ ऑक्टोबर, संध्याकाळी ५.००

नोंद असावी: पॉली घातले असते तर उंचीची ही भानगडच नव्हती. नळी फिरते, कुठेही आवळा.

रबरवाली | २८ ऑक्टोबर, संध्याकाळी ५.१०

नोंद घेतली. कुरकुर ऐकू येत होती.

खडखडाट | ३ नोव्हेंबर, रात्री ९.३०

झालं. लाकडाच्या दुकानातून फळ्या आणल्या, चार चवडी केल्या. सगळे नट सैल करताना प्रत्येकाने "टुंग" करून थोडं फिरून दाखवलं. म्हणजे पिळलेलं रबर सुटत होतं, डोळ्यांना दिसत होतं. शेवटचा सैल झाला आणि गाडी मागून हळूच बसली, म्हातारा माणूस खुर्चीत बसतो तशी. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत उघडण्याआधी माप घेतलं होतं, त्यापेक्षा पाच मिलिमीटरने उंच. दोन्ही बाजू सारख्या. मग आवळलं.

आता अलाइनमेंटवाल्याकडे जाईपर्यंत चालवता यावी एवढी तरी चाकं सरळ हवीत. जुन्या बोल्टांच्या खुणा केल्या होत्या, पण नव्या बुशांना त्यांचा काय उपयोग.

निवृत्त_फिटर | ४ नोव्हेंबर, सकाळी ६.००

दोरी. गाडीच्या दोन्ही बाजूंना घोड्यांवर दोरी ताणा, चाकाच्या मध्याच्या उंचीला. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या बशीपासून अंतर मोजून दोरी गाडीला समांतर करा. पुढची आणि मागची चाके सारख्या रुंदीवर नसतील तर तेवढा फरक धरा. मग मागच्या रिमची पुढची कड आणि मागची कड, दोरीपासून दोन्ही मापे घ्या. पुढची कड दोरीपासून मिलिमीटर-दीड मिलिमीटर जास्त लांब हवी, म्हणजे चाकाचे नाक आत.

खडखडाट | १० नोव्हेंबर, रात्री ८.४५

दोरीने केलं, मग काल अलाइनमेंट करून आणली. यंत्रावर चढवली तेव्हा दोरीचा हिशेब एका बाजूला बरोबर निघाला, दुसऱ्या बाजूला थोडा चुकला. यंत्रावरच्या मुलाने विचारलं कसं केलंस, दोरी म्हटल्यावर त्याने मालकाला बोलावून आणलं. मागचा कॅम्बर दोन्हीकडे उणे सव्वा अंश, टो किंचित आत. त्याला विशेष आनंद कशाचा झाला तर एक्सेंट्रिक बोल्ट हाताने फिरतात याचा. म्हणाला, या वयाच्या एमएक्स-५चे बोल्ट फिरलेले त्याने फारसे बघितलेच नाहीत.

एकूण खर्च साडेसहाशे पाउंड, ब्लेड आणि फळ्या धरून. निम्म्याच्या जवळपास शॉकअपचे.

आज सकाळी स्नेक पासला गेलो. दोन अंश तापमान, रस्ता ओला, छत उघडं, कानटोपी. ज्या वळणात मधे खड्डा आहे तिथे मुद्दाम गेलो. खड्डा आहे तिथेच आहे. गाडीने "धप्" केलं आणि पुढे गेली. मागून धक्का नाही, हातातलं स्टिअरिंग जागच्या जागी. ॲक्सिलरेटर सोडून बघितला, नाक थोडं आत आलं, बास. परत फिरून तेच वळण तीनदा घेतलं. तिसऱ्यांदा मेंढ्या बघायला लागल्या.

एक मात्र आहे. मागचं नीट झाल्यावर पुढचं किती ढिलं आहे ते आता कळतंय.

सौ_खडखडाट | १० नोव्हेंबर, रात्री ८.५०

फ्रीजरला कुलूप लावलंय.

श्वाबेनमधला_सदाशिव | १० नोव्हेंबर, रात्री ९.१५

पुढचेही रबरीच घेणार का? मागे मऊ आणि पुढे कडक असं कुणी करू नये म्हणून विचारतो.

खडखडाट | १० नोव्हेंबर, रात्री ९.३०

रबरीच. पुढचं वसंतात, वेल्डिंगनंतर. काका, तेव्हा भिंतीवर नको, टॉर्क रेंचच्या मुठीवरच चिकटपट्टी लावून लिहितो.

निवृत्त_फिटर | ११ नोव्हेंबर, सकाळी ६.०५

कापलेल्या बोल्टांचा एक तुकडा ठेवून द्या. नवीन पोरांना दाखवायला लागतो.

आल्टोवाला_९८ | २ डिसेंबर, दुपारी ४.२०

नमस्कार, हा धागा शोधताना सापडला. माझ्या जुन्या आल्टोला मागून खड्ड्यात टक टक आवाज येतो. बुश बदलावे लागतील का? किती खर्च येईल?

पुणेरी_जांभई | २ डिसेंबर, दुपारी ४.३०

नवा धागा काढा.

निवृत्त_फिटर | २ डिसेंबर, संध्याकाळी ५.१५

आधी डिकी पूर्ण रिकामी करून एक चक्कर मारा. जॅक आणि पान्हा नीट बसवलेले नसतात. आवाज तरीही आला तर शॉकअपचे खालचे बोल्ट बघा, मग इथे कळवा.